दाराबाहेरचे व्याही

आमच्या व्याह्यांइतका सरळ माणूस सबंध सोलापूर शहरात नाही, आणि माझं ऐकाल तर दुसरा होऊही नये. एकट्यानंच आमच्या नाकी नऊ आणले आहेत. हे वाक्य त्यांनी वाचलं तर पहिला आक्षेप असा घेतील, की लिहिणाऱ्यानं आपण कोण लागतो ते आधी सांगायला पाहिजे होतं. तर सांगून टाकतो. माझी मुलगी त्यांच्या घरात दिली आहे. मी मूळचा माळशिरसकडचा. नोकरीनिमित्त सोलापुरात आलो, एका शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला आणि इथलाच होऊन गेलो. ते शहराच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू बोलणारे, आजोबांपासून मागाच्या खडखडाटात वाढलेले. तेव्हा खाली त्यांच्याविषयी जे काही चांगलं आढळेल ते वाचकांनी निम्मं धरावं. हा नियम माझा नाही, त्यांचा आहे, आणि तो मला लग्नाची बोलणी झाली त्या दिवशीच कळला होता.

बोलणी म्हणजे काय, मुलांचं कॉलेजातच जुळलं होतं. आम्ही मोठी माणसं नुसती चहा प्यायला जमलो होतो. तरी रीत म्हणून मी विचारलं, "मुलाचा स्वभाव कसा आहे?" व्याह्यांनी कप खाली ठेवला. "पाव्हणं," ते म्हणाले, "पोरगा माझा हाय. बाप चांगलंच सांगणार की. माझं निम्मं धरा. त्याच्या आईचं पाव धरा. तुमाला त्याच्यावर राग असलेला माणूस पायजे." आणि खिशातून घडी केलेली चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. चिठ्ठीवर भाड्यानं सायकली देणाऱ्या एका दुकानाचा पत्ता होता. मुलाचे आईवडील स्वतःहून मुलाच्या शत्रूचा पत्ता देतात हे आमच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नव्हतं. आम्ही दोघं नवराबायको दुसऱ्या दिवशी तिथं गेलो. दुकानदार बराच वेळ छताकडे बघत राहिला आणि म्हणाला, "पोरगं बरं हाय वो. पन एकदा सायकल न्हेली ती परत आणली तवा घंटी वाजत नव्हती. न्हेताना वाजत हुती." आमच्या हिनं परतीच्या रिक्षातच लग्न पक्कं केलं. ज्या मुलाच्या शत्रूकडे एवढंच गाऱ्हाणं आहे त्याला मुलगी द्यायला काय हरकत, असं तिचं म्हणणं पडलं.

पुढं संबंध वाढला तसं लक्षात आलं, की हा प्रकार लग्नापुरता नव्हता. हे गृहस्थ तोंड उघडण्याआधी आपला संबंध उघड करतात. बाहेरगावच्या कुणी विचारलं, की कडक भाकरी चांगली कुठं मिळते, तर ते एका खानावळीचं नाव सांगतात आणि लगेच म्हणतात, "पन ते मालक माझ्या मेव्हण्याच्या साडूचे शेजारी हायत. तवा समोरच्या खानावळीत बी खाऊन बघा आनि मग ठरवा." पाहुणा सरळमार्गी असला तर दोन्हीकडे जेवतो आणि संध्याकाळी ओव्याचं पाणी मागतो. डॉक्टरांनी विचारलं, पोट किती दुखतंय, तर म्हणाले, "पोट माझंच हाय डॉक्टर, मी जरा वाढवून सांगत असंन. बायकोला विचारा." एकदा त्यांच्या चुलतभावाच्या शोकसभेत बोलायला उभे राहिले. दोन चांगली वाक्यं बोलले. मग म्हणाले, "गेलेला मानूस माझा भाऊ हुता, म्हनून मी चांगलं बोलतोय. ज्यांचं त्याच्याशी पटत नव्हतं त्यांनी बी बोलावं." तिघं उठले. ती शोकसभा पूर्व भागात अजून आठवतात.

विहीणबाईंचे यात फार हाल होतात. चाळीस वर्षांत "आमटी झकास झालीय" असं सरळ वाक्य त्या माउलीला ऐकायला मिळालेलं नाही. पाहुण्यांपुढं ताट आलं की हे सांगणार, "सैपाक घरच्यांचा हाय, मी सवयीनं खातो, तुमी तुमचं ठरवा." पाहुणा बिचारा पहिला घास परीक्षेला बसल्यासारखा खातो.

हे खूळ त्यांच्या डोक्यात आलं कुठून, याचा मी बरेच दिवस शोध घेत होतो. ते त्यांच्या धंद्यातून आलेलं आहे. व्याही चादरींच्या कारखान्यात नक्षीचे मास्तर होते. चादरीवर जे फूल किंवा जी वेल दिसते ती आधी चौकटीच्या कागदावर उतरते. एक चौकट म्हणजे एक धागा. त्या कागदाबरहुकूम पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, पुठ्ठे दोरीत ओवून मागावर टांगायचे, मग भोकं सांगतील तसे धागे वरखाली होतात आणि चादरीत फूल उमटतं. ही कागदाची आणि भोकांची कामं अडतीस वर्षं त्यांनी केली. त्या कारखान्यात एक शिरस्ता होता. नव्या नक्षीची पहिली चादर, म्हणजे नमुना, मागावरून उतरला, की तो जमिनीवर अंथरायचा आणि मालक, मुकादम, विणकर यांनी भोवती बसून बघायचा. आणि नक्षी ज्यानं काढली त्यानं दाराबाहेर जाऊन थांबायचं. तो समोर असला तर भिडेखातर कुणी दोष सांगत नाही, म्हणून. आत अर्धा तास, तास काय बोलणं व्हायचं ते त्याला कधी कळायचं नाही. दार उघडायचं आणि मुकादम दोनपैकी एक सांगायचा: "चालू दे" किंवा "पुन्हा". अडतीस वर्षांत आमच्या व्याह्यांना आपल्या कामाबद्दल एवढंच ऐकायला मिळालं. "आत काय म्हणाले, असं कधी विचारलं नाहीत?" असं मी म्हणालो तर ते दचकले. "इचारायचं नसतंय पाव्हणं!"

त्यांच्या सगळ्या नक्ष्यांत एक मोर आहे. मागं वळून बघणारा. पहिल्याच खेपेला त्याला "चालू दे" मिळालं आणि पुढं कितीतरी वर्षं तो मोर मागावर चालूच होता. आमच्या घरात ती चादर लेकीच्या जन्माआधीपासून होती. तिच्यावरच ती रांगायला शिकली. हा मोर आपला व्याही होणाऱ्या माणसानं काढलाय, याचा आम्हाला पत्ता नव्हता. असणार कसा? चादरीच्या कोपऱ्याला कारखान्याची चिठ्ठी असते. नक्षी काढणाऱ्याचं नाव कुठंच नसतं, आणि ते असावं असं त्यांना स्वतःलाही कधी वाटलेलं नाही. पुढं कारखाना बंद पडला, मागांचं भंगार झालं आणि मोराचे पुठ्ठे कुणाच्या तरी घरी बंबात जळून अंघोळीचं पाणी तापवून गेले. पहिला नमुना तेवढा त्यांनी मागून घेतला होता. तो ट्रंकेत डांबरगोळ्यांत ठेवलेला असतो.

हे सगळं असंच शांतपणे मावळलं असतं, पण जावयानं त्यांना नवा मोबाईल दिला आणि आमच्या लेकीनं त्यांना एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घातलं. जुन्या चादरी आणि हातमागाच्या वस्तूंची आवड असणाऱ्यांचा तो ग्रुप. ॲडमिन एक निवृत्त ग्रंथपाल बाई होत्या, आणि त्यांनी ग्रुपला ग्रंथालयासारखे नियम लावले होते. नियम तिसरा असा: स्वतःचं काम टाकताना ते स्वतःचं आहे हे आधी लिहा, दुकान, कारखाना, नातं, कसलाही संबंध असल्यास उघड करा. झालं होतं असं, की काही दुकानदार गिऱ्हाईक असल्याचं भासवून आपल्याच टॉवेलांची आरती ओवाळत होते. व्याह्यांनी तो नियम वाचला आणि मला फोन केला. "पाव्हणं, हितं नियमच हाय की वो!" जन्मभर एकट्यानं पाळलेली गोष्ट कुणीतरी लिहून काढली होती. मला त्यांनी त्याच दिवशी ग्रुपमध्ये ओढलं आणि पहिल्याच निरोपात जाहीर करायला लावलं, की मी वरील गृहस्थांचा व्याही आहे. तेव्हापासून ग्रुपमध्ये मला नाव नाही. सगळे मला "व्याही" म्हणतात.

आठवडाभरानं त्यांनी मोराचा फोटो टाकला. सोबतचा मजकूर मी जपून ठेवला आहे. "सप्रेम नमस्कार. खालील फोटोतील मोर मी काढलेला आहे. मोबाईल मुलाने दिलेला आहे. फोटो सुनेने काढला आहे. चादर ज्या खाटेवर अंथरली ती माझ्या सासऱ्यांची आहे. उजेड देवाचा आहे, त्याच्याशी माझी ओळख आहे पण एकतर्फी. यांपैकी कुणाच्याही बाजूने माझे मत झुकलेले असू शकते. आता मी बाहेर थांबतो, आपण मोकळेपणाने बोलावे." आणि त्याखाली लगेच बारीक अक्षरांत उमटलं, की हे गृहस्थ ग्रुप सोडून गेले.

खरंच गेले होते. नमुना पुढं टाकला, आता बाहेर जायचं, एवढंच त्यांना ठाऊक. ग्रुपमध्ये हलकल्लोळ उडाला. "काका रागावले का?" "कुणी काही बोललं का त्यांना?" एकानं विनाकारण माफी मागितली. त्या गोंधळातही दोघाचौघांनी मोराबद्दल लिहिलं, आणि चांगलं लिहिलं. एका बाईंनी म्हटलं, असा मोर आमच्या आजोळी होता, बघून डोळ्यांत पाणी आलं. हे सगळं चाललेलं असताना आमचे व्याही आपल्या ओट्यावर खुर्ची टाकून, फोन मांडीवर उलटा ठेवून बसलेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ॲडमिनबाईंना निरोप धाडला, "झाले असल्यास आत घ्यावे." त्यांनी आत घेतलं. पण ग्रुपमधून गेलेल्या माणसाला मधलं बोलणं दिसत नाही. त्यांना दिसलं ते एवढंच, की कुणीतरी टेबलक्लॉथवरचा हळदीचा डाग कसा काढावा असं विचारतंय.

हे त्यांनी एकदा नाही, तीनदा केलं. कमळ टाकलं, बाहेर गेले. बुट्टे टाकले, बाहेर गेले. प्रत्येक वेळी आत स्तुती व्हायची आणि ते परत येईपर्यंत ती संपलेली असायची. मी एकदा फोन घेऊन घरी गेलो आणि म्हणालो, "ऐका, लोकांनी काय लिहिलंय ते वाचून दाखवतो." त्यांनी हात वर केला. "तुमी नको. तुमी व्याही. पोरगी तुमची हितं नांदतीय. तुमी वाईट कसं वाचून दाखवनार?" म्हटलं, स्वतः बघा, माझ्या फोनवर आहे. म्हणाले, "वाईट वाईट तेवढं तुमी पुसलं नसंल कशावरनं?" मुलाचा फोन? मुलगा तर मुलगाच. सुनेचा? ती रोज त्यांना बीपीची गोळी देते, तिला कसं परकं म्हणायचं. मी शेवटचा डाव टाकला. "अहो, तुमचा मोर मला आवडायचा तेव्हा आपण व्याही नव्हतो. तेव्हाचं मत तरी धराल की नाही?" यावर त्यांनी प्रामाणिकपणे दोन मिनिटं विचार केला. "पन आठवताय आत्ता की," ते म्हणाले, "आनि आत्ता तुमी व्याही." मी हात टेकले.

पण त्या दिवशी निघताना चप्पल घालत होतो, तेव्हा ते ओट्यावरून हळूच म्हणाले, "एकदा कुनीतरी परक्यानं तोंडावर सांगावं वो. मोर बरा हुता का न्हवता. कायबी सांगू दे." मी घरी येईपर्यंत मला ते वाक्य सोडेना. ज्यांना त्यांच्याबद्दल माया आहे ते सगळे साक्षीदार म्हणून बाद, आणि परके बोलतात तेव्हा हे दाराबाहेर! या माणसाला पुरतं एक चांगलं वाक्य मिळणार तरी कधी? म्हणून मी जे करू नये ते केलं. घरात एक जुना फोन पडला होता, त्यात दुसरं सिम घातलं आणि मी मैंदर्गीचा मल्लप्पा झालो. मैंदर्गी का, तर अक्कलकोटच्या पलीकडे आहे, तिथं आमचं कुणी नाही. मल्लप्पानं व्याह्यांना एकट्याला निरोप पाठवला. तिथं बाहेर जायला दारच नाही. "तुमच्या मोराची चादर आमच्या घरात पुष्कळ वर्षं आहे. मान अशी वळवलीय की मोर आत्ता आपल्याकडे बघेल असं वाटतं. असा मोर मी दुसऱ्या चादरीवर पाहिला नाही." लिहिलं ते अक्षर न अक्षर खरं होतं. नाव तेवढं खोटं होतं.

पाच मिनिटांत उत्तर आलं. "आपण माझे, माझ्या पत्नीचे, किंवा माझ्या पूर्वीच्या मालकांचे कोणी लागता का?" माझं बोट थोडं थबकलं. मग मी लिहिलं, "कोणी नाही."

पुढचे चार दिवस आमच्या व्याह्यांना ओळखणं अवघड झालं. इस्त्रीचा शर्ट घालून हिंडू लागले. दूधवाल्याला सांगितलं, रद्दीवाल्याला सांगितलं, ग्रुपवर जाहीर केलं: एका संपूर्ण परक्या गृहस्थांनी मोराबद्दल अनुकूल मत दिले आहे. मला तर रोज वाचून दाखवायचे, माझंच मला. "कायबी संबंध न्हाय पाव्हणं! मैंदर्गीचा मानूस!" मी भीतभीत म्हटलं, मैंदर्गीच्या मानानं मराठी फार शुद्ध वाटतं नाही? "शिकलेला असंल की!" विहीणबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "काल आमटीचं बी सरळ बोलले वो. लई झकास झालीय म्हनले. निसतं तेवढंच." आता हे निस्तरायचं कसं?

पाचव्या दिवशी व्याह्यांनी ट्रंक उघडली. मोराचा पहिला नमुना बाहेर काढला, स्वच्छ धोतरात बांधला आणि म्हणाले, "हा मल्लप्पांना देऊन टाकनार. ज्याला कळतंय त्याच्याकडं असावा." जगात राहिलेला तो एकच नमुना. मी घाईघाईनं घरी आलो आणि मल्लप्पाकरवी लिहिलं, कृपया त्रास घेऊ नये, मला नको. त्यावर यांचा मला फोन, "बघा, लोभ कसा तो न्हायच!" मग लिहिलं, मी परगावी निघालो आहे. यांचा पुन्हा फोन, "म्हंजे उद्याच गाठाय पायजे. तुमी बी चला." मी मल्लप्पाचा फोन बंद केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीत बसून, स्वतःला भेटायला मैंदर्गीला निघालो. गठुळं त्यांच्या मांडीवर होतं. अक्कलकोटपर्यंत दहा वेळा तरी सांगायला तोंड उघडलं असेल. प्रत्येक वेळी ते खिडकीबाहेर बघत असे काही हसत होते, की मी खोकला आल्यासारखं केलं.

मैंदर्गीत बाजाराजवळच्या चहाच्या हॉटेलात त्यांनी चौकशी सुरू केली. हॉटेलवाल्यानं विचारलं, "याव मल्लप्पा री? किराणाचा, खताचा का गिरणीचा?" व्याही म्हणाले, "चादर आवडनारा." हॉटेलवाला म्हणाला, "चादर सगळ्यांलाच आवडती की." शेवटी जवळचा म्हणून आम्हाला गिरणीच्या मल्लप्पाकडे धाडलं. गिरणी चालू होती. आतून भुवयांपर्यंत पिठानं माखलेला एक दांडगा गृहस्थ आला. व्याही गिरणीच्या आवाजावर ओरडले, "मल्लप्पा तुमीच का?"

"हौद री. मीच."

"मोर तुमालाच आवडला?"

"कंचा मोर?"

"चादरीवरचा वो! ही घ्या, तुमाला आनलीय!"

मोराचं त्या माणसाला काही उमगलं नाही, पण चादर देताहेत एवढं बरोबर समजलं. "द्या की," असं म्हणून त्यानं पिठाचे दोन्ही हात पुढं केले. व्याह्यांनी गठुळं उचललं. त्यांचे डोळे भरले होते. आणि मी गिरणीपेक्षा आवाज चढवून ओरडलो, "थांबा! देऊ नका! तो मल्लप्पा मी आहे!"

गिरणीवाल्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "ह्ये बी मल्लप्पा?" त्यानं व्याह्यांना विचारलं.

मी व्याह्यांना हाताला धरून स्टँडवर आणलं, बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. जुना फोन, दुसरं सिम, सगळं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "सगळं तुमीच लिवलं?" मी हो म्हटलं. "कोनी लागता का म्हनून मी इचारलं हुतं. तुमी न्हाय म्हनला." मी हो म्हटलं. "पाव्हणं, बाकी सगळं चाललं असतं," ते म्हणाले, "तेवढं लिवाय नको हुतं." ते चिडले असते तर बरं झालं असतं. तीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या, पण त्या बाकावर मला जेवढी लाज वाटली तेवढी जन्मात वाटली नव्हती. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

मग त्यांनी फोन काढला आणि एका बोटानं ग्रुपवर लिहायला घेतलं. पंधरा मिनिटं लागली. "निवेदन. मैंदर्गीचे मल्लप्पा या नावाचे गृहस्थ नाहीत. जे आहेत ते गिरणीचे असून त्यांचा यात दोष नाही. मोराबद्दलचे मत माझ्या व्याह्यांनी दिले होते, ते रद्द समजावे. मी चार दिवस खूश होतो, त्याबद्दल क्षमस्व." ते शेवटचं वाक्य वाचून मी दुसरीकडे तोंड फिरवलं. निवेदन पाठवून झालं तरी ते ग्रुपमध्येच राहिले. मी म्हटलं, आज बाहेर नाही का जायचं? म्हणाले, "नमुना टाकला की भाईर जायचं असतंय. माफी मागनाऱ्यानं हितंच थांबाय पायजे."

म्हणूनच पुढचं घडलं. ग्रुपमध्ये कधी एक अक्षर न बोललेल्या एका नंबरावरून फोटो आला. कुणा बाईंचा नंबर, उजनीच्या धरणाकाठच्या कुठल्याशा गावातल्या. अंगणात खाट, खाटेवर चादर, मधोमध विरलेली, दोन ठिकाणी लुगड्याचं ठिगळ लावलेली. मोर तेवढा शाबूत. व्याह्यांना कळलं की आता मोराबद्दल बोलणं निघणार. त्यांचं बोट ग्रुप सोडायच्या खुणेकडे निघालं. मी त्यांचं मनगट धरलं. घट्ट धरलं. "आज नाही," म्हटलं. तोवर खाली मजकूर आला.

"आमच्याकडं तुमचीच चादर हाय. माझ्या सासूबाई शेवटची पाच वर्सं खाटंवर हुत्या. डोळ्यांनी दिसत न्हवतं. दुसरं पांघरूण घातलं की मोर कुटं गेला म्हनायच्या. बोटांनी मोराची मान शोधायच्या आनि सापडली की निवांत झोपायच्या. कुनी काढला ते म्हाईत न्हवतं. आज कळालं."

व्याह्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे वळले. "ह्या बाई तुमच्या कोन?"

"कुणी नाही."

"दुसरा फोन काढा." मी खिशातून मल्लप्पाचा फोन काढून त्यांच्या हातात दिला. तो बंद होता. त्यांनी बटण दाबून पाहिलं, हलवून पाहिलं, मागचं झाकण काढून आतलं सिम बघितलं आणि परत दिला. "शपथ घ्या."

"लेकीची शपथ. मी त्यांना ओळखत नाही, त्या मला ओळखत नाहीत."

त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. फोनचा उजेड मालवला की ते बोटानं पुन्हा तो जागा करत आणि मजकूर वाचत. "मान हाताला लागती व्हय?" ते स्वतःशीच म्हणाले. "आमी कधी हात लावून बघितलाच न्हाय." मग त्यांनी गठुळ्याची गाठ सोडली, चादर मांडीवर पसरली, डोळे मिटले आणि एक बोट कडेपासून हळूहळू आत सरकवायला लागले. चौकट न चौकट त्यांनी मोजून काढलेली, पण बोट चाचपडत होतं. पिसाऱ्यात अडकलं, मागं आलं, पुन्हा निघालं. स्टँडवर बाजाराची गर्दी होती, कोंबड्या ओरडत होत्या, एक बाई भाजीची पाटी टेकवायला आमच्या बाकापाशी आली आणि यांना बघून थोडी लांब जाऊन उभी राहिली.

अक्कलकोटची गाडी लागली. कंडक्टरनं दारातून दोनदा हाक मारली, "चला, अक्कलकोट, अक्कलकोट!" व्याह्यांचे डोळे मिटलेलेच होते. मी कंडक्टरला हातानंच खूण केली, की तुम्ही व्हा पुढं.